आजीचा चष्मा आधी कुणाला दिसावा? शॉट डिव्हिजन, सोप्या भाषेत

दरवर्षी पुण्यात चित्रपट महोत्सव होऊन गेला की महिनाभरात माझ्या दाराची बेल वाजते. ओळखीतलं कुणीतरी पोर पेनड्राइव्ह घेऊन उभं असतं. "काकू, शॉर्ट फिल्म केलीय. फक्त जोडून द्या." मी संकलनाचं, म्हणजे एडिटिंगचं काम करते. लग्नं, कंपन्यांच्या फिल्म, कधीमधी एखादा लघुपट. 'फक्त जोडून द्या' या तीन शब्दांची मी आता धास्ती घेतली आहे. पेनड्राइव्हमधलं एकेक दृश्य सुटं बघितलं तर देखणं असतं, आणि दोन दृश्यं शेजारी ठेवली की सख्ख्या जावांसारखी भांडायला लागतात.

मोबाइलचे कॅमेरे इतके सुधारले आहेत की 'चित्र खराब आलं' ही तक्रार जवळजवळ संपली. आता तक्रार वेगळी असते. सगळं लख्ख दिसतं, पण कोण कुठे बसलंय, कोण कुणाकडे बघतंय, आपण कुणाच्या बाजूने आहोत, काही कळत नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. मुलं जागेवर गेली, कॅमेरा काढला आणि सुचेल तसे शॉट घेत सुटली.

आधी दोन शब्दांचे अर्थ सांगून टाकते. कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचा सलग तुकडा म्हणजे शॉट. एका जागी, एका वेळी घडणारा प्रसंग म्हणजे सीन. सीनचे तुकडे कुठे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा कुठून, किती जवळून घ्यायचा हे शूटिंगच्या आधी कागदावर ठरवणं म्हणजे शॉट डिव्हिजन. लॉ कॉलेज रस्त्यावर, 'प्रभात'च्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकलेली मंडळी आणि सेटवर धक्के खात शिकलेली मंडळी यांचं फारसं कशावर जमत नाही, पण हा शब्द दोघांच्याही तोंडी असतो. चौकटीत माणसं आणि वस्तू कुठे ठेवायच्या याला कॉम्पोझिशन म्हणतात. बोलताना आम्ही सरळ 'फ्रेम लावणं' म्हणतो, इथेही तेच म्हणते.

एक खोली, दोन माणसं, एक चष्मा

उदाहरण म्हणून एका पोरांच्या टोळीचा सीन घेते. नारायण पेठेतला वाडा, पहिला मजला, दहा बाय बाराची खोली. कडीपाटाचं छत, भिंतीत कोनाडा, चौकाकडे उघडणारी गजांची खिडकी. आजी कॉटवर बसली आहे. नातू समोर स्टूल ओढून बसतो आणि वाड्याच्या पुनर्विकासाचं संमतीपत्र पुढे करतो.

"आजी, इथे सही कर."

"अरे, पण चष्मा कुठे गेला माझा?"

"आत्ता तर होता डोळ्यांवर."

"फ्रिजवर ठेवला असेन, बघ बरं. तोवर चहा टाकू का?"

नातू उठतो. कोनाडा, फ्रिज, पेपरची रद्दी, सगळीकडे हुडकतो. चष्मा आजीच्या मुठीत आहे, पदराआड.

एवढाच सीन. पडद्यावर फार तर दोन मिनिटं. लिहिलाय मात्र झकास, हे मी त्या मुलांना तेव्हाही सांगितलं. त्यांनी तो तेवीस शॉटमध्ये घेतला होता आणि त्यातले सात चहाच्या कपाचे होते. वाफ छान येत होती म्हणे.

कॅमेरा काढायच्या आधीचा प्रश्न

मी त्यांना विचारलं, चष्मा मुठीत आहे हे प्रेक्षकाला केव्हा कळतं? पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. तो शॉट त्यांनी घेतला होता, पण तो कुठे लावायचा हे 'एडिटला बघू'वर सोडलं होतं.

आता बघा. सीनच्या सुरुवातीलाच मूठ दाखवली, तर प्रेक्षक पहिल्या वाक्यापासून आजीच्या कटात सामील होतो. नातू फ्रिजवर हात फिरवतो तेव्हा आपल्याला हसू येतं आणि 'आता हिला पकडणार का हा?' अशी धाकधूकही वाटते. मूठ अगदी शेवटी दाखवली, तर आपणही नातवाबरोबर चष्मा शोधतो आणि शेवटी एकदम चपापतो. मागचं सगळं मनात पुन्हा तपासावं लागतं. मूठ दाखवलीच नाही, नुसती पदराखालची हालचाल दिसली, तर काही प्रेक्षकांच्या लक्षात येईल, काहींच्या येणार नाही. नट तेच, वाक्यं तीच, खोली तीच, आणि गोष्टी तीन.

मेंढीकोट खेळणाऱ्यांच्या मागे बसून डाव बघितला असेल तर हे लगेच कळेल. ज्याच्या पाठीशी बसाल त्याची पानं तुम्हाला दिसतात आणि नकळत तुम्ही त्याच्या बाजूचे होता. कॅमेरा हा असाच मागे येऊन बसलेला माणूस आहे. तो कुणाच्या मागे बसणार, मध्येच उठून दुसऱ्याच्या मागे कधी जाणार, हे ठरलं की निम्मं शॉट डिव्हिजन झालं. लेन्स, ट्रायपॉड, गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारी मूठ) हा पुढचा विचार.

मुलांची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की सीन पुन्हा घ्यायचा आणि मूठ मध्यावर दाखवायची, नातू शोधायला उठल्यानंतर. म्हणजे अर्धा सीन आपण नातवाबरोबर असतो, मग आजी आपल्याला विश्वासात घेते आणि उरलेली शोधाशोध आपण वेगळ्या नजरेने बघतो.

किती जवळ जायचं?

माणूस नखशिखांत आणि भोवतालची खोलीही दिसली की लाँग शॉट. कमरेपासून वर तो मिड. चेहरा तेवढाच तो क्लोजअप. हात, कागद, पेन असा एखाद्या वस्तूचा भरगच्च तुकडा म्हणजे इन्सर्ट. नावं आणखी खूप आहेत, पण घरगुती लघुपटाला एवढी पुरतात.

लांबून बघताना जागा कळते, जवळून बघताना मन कळतं, हे सगळ्यांनाच उमगतं. चूक होते ती हिशेबात. पहिल्याच वाक्याला क्लोजअप दिला की पुढे सरकायला जागाच राहत नाही. वरात निघायच्या आधी फटाके उडवून टाकल्यासारखं होतं. या सीनमध्ये आजीच्या चेहऱ्याला एकच क्लोजअप द्यायचा आणि तो मूठ दिसल्यानंतर, असं आम्ही ठरवलं. त्याआधी ती कधी खोलीत हरवलेली दिसते, कधी नातवाच्या खांद्यापलीकडे.

मोबाइलवाल्यांसाठी एक खास सूचना. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद बघणारी असते. मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २४ ते २६ मिलिमीटरची. तो फोन चेहऱ्याच्या हातभर जवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष खरं तर लेन्सपेक्षा अंतराचा आहे. आपणही कुणाच्या नाकाला नाक लावून बघितलं तर तसंच दिसेल. क्लोजअप घ्यायचा तर दोन पावलं मागे सरा आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरा. आजीचं काम करणाऱ्या बाईंनी पहिलं फुटेज बघून "मी अशी दिसते?" असं विचारलं होतं. त्या अजिबात तशा दिसत नाहीत.

लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक, अर्थात 'लाइन'

या प्रकरणावर मी जरा रेंगाळणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमधला सगळ्यात महागडा घोटाळा हाच असतो, आणि तो एडिटला दुरुस्त होत नाही.

अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात आणि अलका चौकाकडे जातात. तुम्ही एका फुटपाथवर उभे आहात, मित्र समोरच्या. दोघंही मोबाइलवर व्हिडिओ घेताय. तुमच्या व्हिडिओत गणपती डावीकडून उजवीकडे चाललाय, तर मित्राच्या व्हिडिओत उजवीकडून डावीकडे. आता हे दोन व्हिडिओ एकापुढे एक जोडा. बघणाऱ्याला वाटेल, गणपती काहीतरी विसरला म्हणून मंडईत परत निघाला.

मिरवणुकीचा रस्ता ही एक रेघ धरा. रेघेच्या एकाच बाजूला राहून कितीही शॉट घ्या, गच्चीवरून, खांद्यावरून, रस्त्यावर बसून. दिशा बदलत नाही. रेघ ओलांडली की उलटते. दोन माणसं बोलत असतात तेव्हा हीच रेघ त्यांच्या नजरांमध्ये ताणलेली असते. सेटवर हिला इमॅजिनरी लाइन किंवा नुसती 'लाइन' म्हणतात. आजी आणि नातू यांच्यामध्ये ताणलेली वाळत घालायची दोरी समजा. तुम्ही दोरीच्या अलीकडे आहात तोवर आजी उजवीकडे बघते आणि नातू डावीकडे. म्हणजे दोघं एकमेकांकडे बघतात. नातवाचा शॉट घ्यायला दोरीखालून वाकून पलीकडे गेलात, तर पडद्यावर तोही उजवीकडेच बघतो.

माझ्या पहिल्यावहिल्या लघुपटात सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण होतं. दोघींचे शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतले आणि मधल्या काळात मी लाइन विसरले. पडद्यावर दोघी तावातावाने एकाच दिशेला बघून बोलत होत्या, बसस्टॉपवर उभ्या असल्यासारख्या. बस काही आली नाही.

"मग सबंध सीनभर एकाच बाजूला अडकून पडायचं का?" हा प्रश्न इथे येतोच. नाही. पलीकडे जाण्याचे राजमार्ग आहेत. मिरवणुकीच्या अगदी समोर उभं राहून, गणपती थेट आपल्याकडे येतोय असा शॉट घेतला, तर त्यात डावं-उजवं काही नसतं. त्यानंतर पलीकडच्या फुटपाथवरचा शॉट खपून जातो. दुसरा मार्ग म्हणजे पात्रच हलवायचं. नातू उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तो जाताना आपल्याला दिसला, तर दोरीही त्याच्याबरोबर फिरते आणि प्रेक्षक बिनतक्रार नवा नकाशा मनात मांडतो. आमच्या सीनमध्ये तो फ्रिजकडे जातो, तेव्हाच कॅमेऱ्याने बाजू बदलली. कुणाला कळलंही नाही.

पात्राची नजर कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला जाते याला आपल्याकडे 'लुक' म्हणतात. 'लुक कॅमेरा राइट' हे सेटवर दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. कॅमेरा जितका दोरीच्या जवळ, तितका लुक कॅमेऱ्याच्या जवळ आणि तितके आपण त्या पात्राच्या जवळ. अगदी कडेने घेतलेल्या चेहऱ्याला आपण शेजारच्या खिडकीतून बघितल्यासारखे बघतो. सुरुवातीला आम्ही दोघांनाही थोडं कडेनेच घेतलं. आजीचा तो एकुलता एक क्लोजअप मात्र दोरीला जवळजवळ चिकटून.

फ्रेम लावताना

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ग्रिड नावाची सोय असते. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा. चौकटीचे तिसरे हिस्से दाखवणाऱ्या या रेघांवर महत्त्वाची गोष्ट ठेवा, मधोमध ठेवू नका, असं सगळीकडे सांगितलेलं असतं. नवख्यासाठी सल्ला वाईट नाही, पण तो वेदवाक्य नाही. देवासमोर बसलेली आजी अगदी मधोमध ठेवली तर तिचं एकटेपण आणि ठामपण दोन्ही दिसतं. तिथे रेघांचं ऐकायची काही गरज नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नाकासमोरची जागा. माणूस ज्या दिशेला बघतो तिकडे चौकटीत थोडं मोकळं सोडतात. नाही सोडलं तर तो भिंतीला नाक लावून उभा आहे असं वाटतं. आता हेच मुद्दाम उलटं करा. नातू कागद पुढे सरकवतो तेव्हा आजीच्या नाकासमोर जागाच ठेवू नका, पाठीमागे मात्र कोनाडा, फोटो, कडीपाट असं सगळं येऊ द्या. तिला पुढे वाट नाही आणि मागे सगळा जन्म आहे. याला संवाद लागत नाही.

डोक्यावरची जागाही बघा. घरच्या व्हिडिओत कपाळाच्या वर हातभर भिंत आणि खाली हनुवटीशी चौकट संपलेली, हे इतक्या वेळा दिसतं की एक आख्खी पिढी चेहरा मधोमध धरूनच फोटो काढते, अशी माझी खात्री झाली आहे. फ्रेममध्ये डोळे वरच्या आडव्या रेघेच्या आसपास आले की बाकीचं आपोआप जमतं.

वाड्यात तर फ्रेम लावायला फुकटचं सामान पडलेलं असतं. दाराची चौकट, खिडकीचे गज, जिन्याचा कठडा. उंबरठ्याबाहेरून आत बघितलं की चौकटीत चौकट मिळते, आणि आपण त्या घरात आगंतुक आहोत ही भावनाही. कॅमेऱ्याची उंची मात्र विसरू नका. मुलांनी सगळा सीन उभ्याने घेतला होता. त्यामुळे कॉटवर बसलेली आजी प्रत्येक शॉटमध्ये वरून दिसत होती, अन्याय सोसणारी बिचारी. ही आजी बिचारी नाही, ती डाव खेळते आहे. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणल्याबरोबर ती तोडीस तोड झाली.

चेहऱ्यावर भाव नसले तरी

आजीचं काम करणाऱ्या बाई नाटकातल्या नाहीत, शेजारच्या बिऱ्हाडातल्या. "मला रडायला-बिडायला जमणार नाही हं," त्या म्हणाल्या होत्या. गरजच नव्हती.

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सूपच्या ताटलीचा शॉट जोडला, एकदा शवपेटीचा, एकदा एका बाईचा. चेहऱ्याचा तुकडा तोच, पण बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. भाव चेहऱ्यात नव्हता, दोन शॉटच्या मधल्या सांध्यात होता आणि तो प्रेक्षकाने भरला होता.

आमच्याकडे बाईंचा शांत चेहरा आणि संमतीपत्र असं जोडलं, तर भीती दिसली. तोच चेहरा आणि मूठ जोडली, तर खट्याळपणा. मुलांनी हे लॅपटॉपवर करून बघितलं आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही. म्हणून कागदावर शॉट लिहिताना त्याच्या आधी काय येतंय आणि नंतर काय, हेही लिहा.

कागदावर नऊ शॉट

शेवटी तेवीसचे नऊ झाले. थोडक्यात सांगते. पहिला दाराबाहेरून, उंबरठ्यासकट. आत कॉटवर आजी, पाठमोरा नातू. इथूनच सगळा सीन एकदा अथपासून इतिपर्यंत घेतला. याला मास्टर म्हणतात, काही बिनसलं तर गाडी इथे आणून उभी करता येते. मग नातवाच्या खांद्यावरून आजी आणि आजीच्या खांद्यावरून नातू. खांदा पुढे ठेवून घेतलेल्या अशा शॉटला सेटवर सजेशन म्हणतात. मग कागद-पेनचा इन्सर्ट. मग नातू उठतो आणि कॅमेरा जागेवरूनच मान वळवून त्याच्यामागे कोनाड्यापर्यंत जातो.

माझा आवडता सहावा. पुढे आजीचा चेहरा अर्धा, मागे फ्रिजपाशी धूसर नातू. एकाच चौकटीत लपवणारी आणि शोधणारा. हा शॉट चालू असताना तोडायची इच्छाच होत नाही. त्यानंतर मूठ, मग तो क्लोजअप. नववा पुन्हा दाराबाहेरून.

गोष्टीचा क्रम आणि शूटिंगचा क्रम मात्र वेगळा. ज्या ज्या शॉटमध्ये कॅमेरा एकाच दिशेला बघतो ते सगळे एका बैठकीत उरकतात. दर शॉटला सामान, दिवे आणि पसारा इकडून तिकडे करत बसलात तर दोन मिनिटांचा सीन दोन दिवस चालेल. खिडकीतला उजेड सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा, म्हणून खिडकीच्या भरवशावर असलेले शॉट सलग घ्यायचे. खिडकी पात्रांच्या कडेला ठेवून कॅमेरा तिच्या पलीकडच्या, सावलीतल्या अंगाला लावला, तर चेहऱ्याला उठाव येतो. सावली फार गडद वाटली तर पांढरी चादर धरायची. वयस्क माणसांचे जवळचे शॉट ती ताजी असताना आधी उरकावेत, हेही या हिशेबात येतं.

आवाजाचंही वेळापत्रक असतं. आमचं शूटिंग जुलैच्या शेवटी होतं, म्हणजे संध्याकाळ झाली की नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव. वाड्यात त्या मानाने शांतता मिळते ती दुपारी एक ते चार. पुण्याची जी गोष्ट जगाच्या चेष्टेचा विषय आहे, ती आमच्या कामी आली.

दोन तांत्रिक गोष्टी सांगून हा भाग संपवते. फोनवर स्वयंचलित सगळं बंद करा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. नाहीतर नातू खिडकीसमोरून गेला की आजी काळवंडते. व्हिडिओ सेकंदाला २४ किंवा २५ चित्रांवर ठेवा आणि जमत असेल तर शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायला लागणारा वेळ, १/५० सेकंदावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुसऱ्या वेगाला ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसू शकतात.

"एवढं ठरवलं तर उत्स्फूर्तपणा जाईल ना?"

हा आक्षेप मला दरवेळी ऐकवला जातो, तोही बहुतेक जे काहीच ठरवत नाहीत त्यांच्याकडून. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मांडते. त्याने तिचा हात बांधला जात नाही. उलट एखादी रेघ वेगळी वळवावीशी वाटली तर कुठून कुठे वळवायची ते तिला दिसतं. सहाव्या शॉटमध्ये बाईंनी आपणहून मूठ आणखी आत ओढली आणि देवाकडे बघितलं. हे कागदावर नव्हतं. पण कॅमेरा बरोबर जागी होता, म्हणून ते सापडलं.

"आम्हाला चित्रं काढता येत नाहीत." मलाही येत नाहीत. चौकोनात गोल म्हणजे डोकं, गोलाला एक टोक काढलं की ते नाक, नाक जिकडे तिकडे लुक. एवढं पुरतं. त्याहून सोपं म्हणजे खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढायचा: कॉट, स्टूल, खिडकी, दोरीची रेघ आणि कॅमेऱ्यांच्या जागांना आकडे. हा एक कागद पंचवीस चित्रांचं काम करतो.

"मग आम्ही सगळं एकाच शॉटमध्ये घेतो, कटकटच नको." घ्या की. पण एकाच शॉटमध्ये जवळ-लांब, आधी-नंतर हे सगळं माणसं हलवून साधावं लागतं. तिथे तयारी दुप्पट लागते. आणि दहाव्या सेकंदाला झालेली चूक सुधारायला पुन्हा पहिल्यापासून.

"हल्ली तर सगळे उभेच व्हिडिओ बघतात." खरं आहे. उभ्या चौकटीत दोन माणसं शेजारीशेजारी बसवणं अवघड जातं. पुढे-मागे किंवा वर-खाली बसवावी लागतात. आमचा सहावा शॉट उभ्यातही छान बसला असता, पहिला मुळीच नाही. म्हणून आडवं की उभं हे सगळ्यात आधी ठरवा. आडवं शूट करून नंतर कडा कापू म्हणाल, तर कापलेल्या भागात हटकून नातू असतो.

आता आमची फजिती. एवढं सगळं करून, नकाशा काढून, आकडे घालून आम्ही एक गोष्ट लिहायची विसरलो: चष्मा कुठल्या हातात. एडिटला बसलो तेव्हा दिसलं की सहाव्या शॉटमध्ये पदराआडचा हात डावा आहे आणि सातव्यात, त्या इन्सर्टमध्ये, उजवी मूठ आहे. बाई तोवर लेकीकडे नाशिकला गेलेल्या. मग एका रविवारी माझ्या आईला त्याच रंगाची साडी नेसवली, हिरव्या काचेच्या बांगड्या घातल्या, आमच्या बाल्कनीत सकाळच्या उजेडात बसवलं आणि तिची डावी मूठ घेतली. इन्सर्ट असल्यामुळे भोवतालची खोली दिसायचा प्रश्नच नव्हता. मुलांनी लघुपट आतापर्यंत बऱ्याच जणांना दाखवला, कुणीही हटकलं नाही. आई मात्र प्रत्येक पाहुण्याला तेवढाच भाग पुन्हा लावून दाखवते.